युद्धकाळातील संसार आणि कुटुंब यांवरचा कोणता जर्मन चित्रपट पाहावा?

रणांगणाऐवजी घराकडे आणि नवरा-बायकोच्या नात्याकडे पाहणारा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला जर्मन चित्रपट आपण विचारला आहे. मी हेल्मा झांडर्स-ब्राम्स यांचा 'डॉइचलांड, ब्लाइखे मुटर' (१९८०) सुचवेन. 'जर्मनी, फिकट पडलेली आई' असा या नावाचा अर्थ असून ते जर्मन कवी-नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त यांच्या १९३३ मधील कवितेतून घेतलेले आहे. दिग्दर्शिकेचा जन्म १९४० चा. तिने आपल्याच आईवडिलांची गोष्ट मांडली आहे, निवेदनाचा आवाजही तिचाच आहे आणि तान्ह्या ॲनाच्या भूमिकेत तिची स्वतःची मुलगी आहे.

लेने आणि हान्स यांचे लग्न होते न होते तोच युद्ध सुरू होते आणि हान्स नाझी पक्षाचा सदस्य नसल्यामुळे त्याची रवानगी पोलंडच्या आघाडीवर लवकर होते. तो रजेवर यायचा म्हणून लेने एक ब्लाउज भरतकामाने सजवते. पण इतक्या दिवसांच्या ताटातुटीनंतर घरी आलेल्या नवऱ्याच्या अधीर हातांत तोच ब्लाउज फाटतो, आणि तिच्या संकोचातून त्याच्या मनात संशय उभा राहतो. युद्ध एखाद्या संसारात नेमके कसे शिरते, हे मला इतक्या साध्या वस्तूतून दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात दिसलेले नाही.

ॲनाचा जन्म बॉम्बवर्षावात होतो. घर गमावलेली लेने तिला घेऊन उद्ध्वस्त मुलखातून पायी भटकते आणि वाटेत ग्रिम बंधूंची 'दरोडेखोर नवरदेव' ही भयंकर कथा तिला सांगत राहते. या भागात लेनेवर अमेरिकन सैनिकांकडून बलात्कार होतो. पाहण्यापूर्वी याची कल्पना असावी, म्हणून सांगून ठेवतो. तरीही मायलेकींचे खरे सुख याच भटकंतीत आहे, हे दिग्दर्शिका न कचरता दाखवते.

खरी पडझड हान्स परतल्यावर, म्हणजे शांततेच्या काळात होते. पक्षात राहिलेला त्याचा मित्र उलरिश नव्या व्यवस्थेत वर चढतो आणि हान्स मागे राहतो. तो कडवटपणा घरात मुरतो. लेनेच्या अर्ध्या चेहऱ्याला पक्षाघात होतो आणि उपचार म्हणून तिचे सगळे दात काढले जातात. लेनेची भूमिका करणाऱ्या एफा माटेस यांनी ते दृश्य ज्या ताकदीने साकारले आहे, ते पाहताना मला पडद्यावरून नजर हटवावी लागली होती.

१९८० च्या बर्लिन महोत्सवानंतर चित्रपटातला जवळजवळ अर्धा तास कापला गेला होता. पूर्ण लांबीची प्रत २०१४ मध्ये पुन्हा तयार झाली. शक्य असल्यास तीच मिळवावी. शेवटचा, बंद दाराचा प्रसंग मी मुद्दाम सांगत नाही. तो पाहताना आपण छोट्या ॲनाशेजारी दाराबाहेर उभे असतो.