बायबल माणसाला जीवसृष्टीवर 'सत्ता चालवा' म्हणतं, मग निसर्ग जपणं हा ख्रिस्ती विश्वासाचा भाग कसा? आणि मंडळीने (चर्चने) करायचं काय?

उत्पत्ती १:२८ मधल्या 'सत्ता चालवा'साठी मूळ हिब्रू शब्द 'रादा' आहे. लेवीय २५:४३ मध्ये गरिबीमुळे विकल्या गेलेल्या भाऊबंदावर कठोरपणे हुकमत गाजवू नको असं बजावताना हाच शब्द येतो. यहेज्केल ३४:४ मध्ये कळपावर जुलूम करणाऱ्या मेंढपाळांना देव फटकारतो, तिथेही हाच. म्हणजे अधिकार दिलाय, पण तो कसा वापरला याचा जाबही विचारला जातो.

पुढच्याच अध्यायात (२:१५) माणसाला एदेन बागेची मशागत आणि राखण करायला ठेवलं आहे. ही 'आबाद' आणि 'शामार' क्रियापदांची जोडी गणना ३:७-८ मध्ये पुन्हा भेटते, निवासमंडप (उपासनेचा पवित्र तंबू) सांभाळणाऱ्या लेव्यांच्या, म्हणजे लेवी वंशातल्या सेवकांच्या, कामासाठी. माळीकाम आणि मंदिरसेवा यांना तेच शब्द! सृष्टीचं वर्णन करणारं स्तोत्र १०४ वाचून भारावून जाता येतं, पण राखण ही रोजची असते. म्हणून माझ्या मते सुरुवात वेदीपासूनच करावी.

वेदीवरच्या फुलांखाली हिरवा फोम असतो ना, तो प्लास्टिकचाच प्रकार. तो कुजत नाही, चुरा होऊन मातीत-पाण्यात जातो. त्याऐवजी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी चुरगाळून फुलदाणीत बसवा, वर्षानुवर्षं चालते. देठ तिरके कापा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, नाहीतर दोन दिवसांत पाण्याला वास येतो. सुकलेल्या फुलांचे दोरे आणि रिबिनी काढून ती खतात घाला: एक भाग फुलांना तीन भाग कोरडा पाला. ढीग घाण मारू लागला तर ओल जास्त झाली किंवा हवा कमी पडली. कोरडा पाला मिसळून उलथापालथ करा.

आता झाडं. १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ऑर्थोडॉक्स चर्चचे कुलपिता (पेट्रिआर्क) दिमित्रिओस यांनी १९८९ मध्ये सुरू केला, २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो कॅथलिक चर्चमध्येही आणला. दिवस जरूर पाळा, पण लागवडीची वेळ पावसावर ठरवा. झाड त्या भागात मूळचं असलेलं निवडा. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, खोली मात्र गोळ्याएवढीच. पिशवी पूर्ण काढा (घाईत ती तशीच पुरली जाते) आणि गोल फिरलेली मुळं मोकळी करा, नाहीतर काही वर्षांनी तीच खोडाला आवळतात. मुळं जिथून फुटतात तो भाग जमिनीच्या पातळीवर राहू द्या; खोल गाडलं की साल कुजते. वर पाल्याचा ५ ते ७ सेंमी थर द्या, खोडापासून चार बोटं दूर.

बहुतेक रोपं मरतात ती पुढच्या कोरड्या महिन्यांत, कारण तेव्हा पाणी घालणं कुणाच्याच नावावर नसतं. प्रार्थनेआधी दोन वर्षांची पाळीची यादी करा, प्रत्येक आठवड्यापुढे एक नाव. दहा रोपांना पुरतील एवढी नावं नसतील, तर तीनच लावा.