शेडचा फोटो मिळाला

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. सॉल्व्हंटच्या, म्हणजे रंग-औषधांच्या कारखान्यांना लागणाऱ्या विरघळवणाऱ्या द्रवांच्या, धंद्यासाठी तू बघितलेल्या भिवंडीच्या शेडचा फोटो मिळाला. खाली तुझा एका ओळीचा प्रश्न आहे: "काका, टेस्टिंगसाठी आधी कोणतं मशीन घेऊ?" मशीनचं सांगतो, पण आधी तू सोबत पाठवलेल्या त्या सीओएबद्दल, म्हणजे कंपनीच्या तपासणी दाखल्याबद्दल. शुद्धता 99.8 टक्के, पाणी 0.05 टक्के, खाली सही-शिक्का. कागद खरा आहे, पण तो कंपनीच्या टाकीचा आहे. टाकीतून टँकर, टँकरमधून ड्रम, ड्रममधून तुझं गोडाऊन आणि तिथं दीड-दोन महिने मुक्काम. एवढ्या प्रवासात मालाचं काय झालं ते त्या कागदाला कुठून ठाऊक? गिऱ्हाईक पैसे मोजतं ते आज ड्रममध्ये जे आहे त्याचे.

मी मुंबईच्या वडगादीत, रसायनांच्या बाजारात, नवा होतो तेव्हाची गोष्ट. अ‍ॅसिटोनचे बारा ड्रम तारापूरच्या एका औषध कारखान्याला पाठवले आणि बाराच्या बारा परत आले. जाण्यायेण्याचं भाडं माझ्या अंगावर. मी तावातावानं हायड्रोमीटर दाखवला, घनता अगदी बरोबर होती. त्यांच्या केमिस्टनं काही न बोलता जीसीचा (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आलेख पुढे सरकवला. दीड टक्का मिथेनॉल. टँकरनं आधीची खेप मिथेनॉलची मारली होती, आणि खालची पाइपलाइन कोणी निथळवलीच नव्हती. आता बघ, 20 अंशांना अ‍ॅसिटोनची घनता 0.791 आणि मिथेनॉलची 0.792. हायड्रोमीटर बिचारा काय सांगणार? उकळणबिंदूवरूनही सहज कळत नाही, दोघं मिळून एकाच तापमानाला उकळणारं मिश्रण करतात. प्रकाश द्रवात किती वळतो ते मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर शुद्ध अ‍ॅसिटोन 1.359 आणि मिथेनॉल 1.329, म्हणजे मोठी भेसळ पकडता येते, पण दीड टक्का तिथूनही निसटू शकतो. तेव्हापासून टँकर रिकामा करण्याआधी ड्रायव्हरकडे मागच्या खेपेची बिल्टी मागायची सवय लागली. ड्रायव्हर वैतागतात. वैतागू देत.

तर घनतामापकांचा चांगला संच, थर्मामीटर आणि रिफ्रॅक्टोमीटर एवढं आत्ता घे. जीसी बाहेरच्या मान्यताप्राप्त लॅबमधून करून घे, दर टँकरमागे एकदा तरी. थर्मामीटर कशाला असं म्हणू नकोस. एप्रिलच्या दुपारी शेडमध्ये 32 अंशांना तेच चोख अ‍ॅसिटोन 0.777 च्या आसपास दाखवतं, आणि नवखा माणूस सप्लायरशी भांडायला उठतो. पाणी मोजायचं कार्ल फिशर यंत्र पुढच्या वर्षी घेतलंस तरी चालेल. मात्र घेताना अ‍ॅसिटोन आणि एमईके (मिथाइल इथाइल किटोन) या दोन्ही किटोनांसाठी वेगळा रिएजंट, म्हणजे चाचणीचं रसायन, माग. साध्या रिएजंटमधल्या मिथेनॉलशी किटोनची क्रिया होऊन तिथल्या तिथे पाणी तयार होतं, आणि कोरड्या मालावर तू उगाच ओलाव्याचा ठपका ठेवशील.

नमुना घेताना वरचं वाटीभर काढून समाधान मानू नकोस. टोल्युईन पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी तळाशी बसतं. लांब काचेची नळी तळापर्यंत सोड, अंगठ्यानं वरचं तोंड दाब, बाहेर काढ आणि उजेडात धर. खाली बोटभर वेगळा थर हलताना दिसला की समज.

हे पाणी येतं कुठून? बरेचदा आपल्याच अंगणातून. ड्रम उघड्यावर उभा ठेवला की पावसाचं पाणी वरच्या झाकणावर काठापर्यंत साचतं. दुपारी ड्रम तापतो, आतली हवा फुगते आणि बुचाच्या फटीतून बाहेर पडते. रात्री गार झाला की तोच ड्रम श्वास आत ओढतो, आणि हवेऐवजी वरचं साचलेलं पाणी पितो. सील शाबूत, वजनही जवळपास तेवढंच, आणि गिऱ्हाइकानं त्यात कालवलेला रंग फाटतो. भिवंडीचा जुलै तुला वेगळा सांगायला नको. छपराखाली ठेव. बाहेर ठेवायची वेळ आलीच तर आडवा ठेव, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील असा. इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये असा ओलावा शिरला तर त्यातून हळूहळू अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटतं, मग ड्रम आतून गंजतो आणि माल पिवळा पडतो. म्हणून आलेल्या दिवशीचा एक नमुना गडद बाटलीत बॅच नंबर लिहून बाजूला ठेव आणि महिन्याभरानं ड्रममधल्या मालाशी ताडून बघ. टेस्टिंग आणि स्टोअरेज अशी दोन खाती तू वहीत केली आहेस ना, ती एकच कर.

एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड) 40 अंशांनाच उकळतं, मे महिन्यात त्याचं बूच एकदम फिरवू नकोस. टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) आणि आयसोप्रोपिल ईथरच्या ड्रमवर उघडल्याची तारीख मार्करनं लिही. हवा लागली की त्यांच्यात पेरॉक्साइड साठतं, ते स्फोटक असतं. ते तपासायची टेस्ट स्ट्रिप स्वस्त मिळते.

टोल्युईन मात्र प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये कधीच ओतू देऊ नकोस. डिसेंबरातली कोरडी सकाळ होती, आमचा माणूस फनेल लावून कॅन भरत होता. टक् असा बारीक आवाज आला आणि कॅनच्या तोंडावर निळसर ज्योत उभी राहिली. वाळूची बादली हाताशी होती म्हणून त्याच्या मनगटावरचे केस जळण्यावर निभावलं. टोल्युईनमधून वीज वाहत नाही, ओतताना घर्षणानं साठते आणि एकदम उडी मारते. लोखंडी ड्रम, लोखंडी डबा, दोघांना जोडणारी तार, तिथून अर्थिंग. तारेचा चिमटा रंगावर लावू नकोस, रंग खरवडून पत्र्यावर लाव. नळी तळापर्यंत सोडून सावकाश भर.

मिथेनॉल विकायचा मोह होईल, भाव हलता असतो. पण विषाच्या परवान्याशिवाय हात लावू नकोस, आणि कोण नेतो, कशाला नेतो, याची नोंद ठेव. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ते विष मिथेनॉलच होतं. शिवाय त्याची ज्योत भर उन्हात दिसत नाही. टोल्युईन, हेक्सेन यांचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीनं पेटते तो, 23 अंशांच्या खाली, म्हणजे पेट्रोलियमचा 'अ' वर्ग. त्या साठ्याला पेसोचा, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेच्या केंद्रीय खात्याचा, परवाना लागतो, आणि 'शेजारच्या गाळेवाल्याकडेही नाही' हे तिथे उत्तर होत नाही.

आता तुझ्या फोटोकडे येतो. दोनदा मोठा करून बघितला. शेड बरी आहे, उंचीही आहे, पण हवा खेळायच्या जाळ्या सगळ्या छपराजवळ. टोल्युईनची वाफ हवेच्या तिपटीनं जड, ती वर जात नाही. जमिनीलगत सरपटत उताराकडे जाते. जमिनीलगत जाळ्या पाडून घे आणि विजेचा बोर्ड भिंतीबाहेर काढ. उतार शटरकडे आहे असं दिसतं, आणि शटरच्या उजव्या हाताला निळ्या ताडपत्रीचा एक कोपरा फोटोत आलाय. खाली स्टोव्ह दिसतो, म्हणजे चहाची टपरी. तिथून तुझ्या उंबरठ्यापर्यंत पावलं किती, ते मोजून कळव. तोवर डिपॉझिटचा चेक देऊ नकोस.

तुझा,
काका