सेकंडहँड गाडीचं रिन्यूअल: नुसती थर्ड पार्टी की फर्स्ट पार्टी?

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही औशाचे, तीन वर्षं झालेली पेट्रोल स्विफ्ट संभाजीनगरहून घेतली, आरसी नावावर झाली, पॉलिसी महिनाअखेर संपतेय. एजंटाने दोन आकडे दिलेत. नुसती थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा) साधारण चार हजार, फर्स्ट पार्टी (त्यात स्वतःच्या गाडीचं नुकसानही) नऊ हजारांच्या आत. फर्स्ट पार्टीच्या कोटेशनमध्ये आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ३,२०,००० आणि एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट) ३५ टक्के. गाडी औसा-लातूर एवढीच फिरते, मग वरचे पाच हजार कशाला घालायचे?

मी बरीच वर्षं या भागात मोटार क्लेमचे सर्व्हे करतोय. त्या नजरेने पाहिलं तर थर्ड की फर्स्ट हा प्रश्न नंतरचा, आधी त्या कोटेशनमधले दोन आकडे दुरुस्त करून घ्या.

पहिला एनसीबी. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पहिल्या मालकाने तीन वर्षं क्लेम घेतला नाही म्हणून ३५ टक्के सूट त्याला मिळाली. गाडी तुम्हाला विकली तरी ती सूट त्याच्याकडेच राहते. तुमचा शून्यापासून सुरू होतो. तुम्ही स्वतःची आधीची गाडी विकली असेल आणि तिचा बोनस जमा असेल, तर त्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र आणा. ते तीन वर्षं चालतं आणि या गाडीला लावता येतं. पण दुसऱ्याचा बोनस लावून पॉलिसी घेतलीत, तर प्रीमियम भरताना कोणी काही बोलणार नाही. क्लेम आला की कंपनी आधीच्या कंपनीला विचारते, आणि तिथे तुमचा क्लेम अडकतो. असे क्लेम अडकलेले मी पाहिलेत, आणि दरवेळी गाडीमालक म्हणतो की मला तर एजंटाने सांगितलं होतं. सही तुमची असते हो.

याच ओघात, चालू पॉलिसी अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे का ते आजच बघा. गाडी हस्तांतरित झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ मुळे थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकाकडे येते, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग येत नाही.

दुसरा आकडा आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम. तीन ते चार वर्षांच्या गाडीला, गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या आजच्या किमतीतून ४० टक्के घसारा धरतात. तुमच्या मॉडेलची किंमत ७,००,००० धरली तर आयडीव्ही ४,२०,००० च्या आसपास यायला हवी. ती ३,२०,००० केली की प्रीमियम थोडा उतरतो आणि कोटेशन स्वस्त दिसतं. चोरीत सरळ एक लाखाचा फटका हे कोणालाही कळतं. दुसरा फटका कमी जणांना माहीत असतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस धरतात. समजा, मोठा अपघात झाला आणि दुरुस्तीचा अंदाज २,६०,००० आला. आयडीव्ही ४,२०,००० असेल तर ७५ टक्के होतात ३,१५,०००, गाडी दुरुस्त होऊन घरी येते. आयडीव्ही ३,२०,००० असेल तर मर्यादा २,४०,०००. मग चांगली, सुधारण्यासारखी गाडी टोटल लॉसमध्ये जाते आणि तेवढ्या पैशात तशी दुसरी मिळत नाही.

आता थर्ड की फर्स्ट. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीला जून २०२२ पासून लागू झालेला दर ३,४१६ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी यात सूट नाही, जी घासाघीस करायची ती फर्स्ट पार्टीच्या भागात. थर्ड पार्टीतून तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला किंवा दुखापत झाली तर कोर्ट ठरवेल ती भरपाई कंपनी देते, तिला आकड्याची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी मात्र साडेसात लाखांपर्यंतच. विमा नसेल तर ही भरपाई जमीन विकून द्यायची वेळ येऊ शकते, म्हणून ही पॉलिसी एक दिवससुद्धा खंडित होऊ देऊ नका.

पण नुसत्या थर्ड पार्टीत तुमच्याच गाडीत बसलेली माणसं सहसा येत नाहीत. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये हा फरक स्पष्ट केला आहे: पॅकेज पॉलिसीत, म्हणजे आपण जिला फर्स्ट पार्टी म्हणतो तिच्यात, खासगी गाडीतले प्रवासी धरले जातात, नुसत्या कायद्यापुरत्या पॉलिसीत नाही. गाडीत आई, बायको, लेकरं बसणार असतील तर माझ्या मते इथेच निर्णय झाला.

शिवाय आपला रस्ता बघा. रात्री रोही नाहीतर रानडुक्कर आडवं येतं, त्याच्याकडून कोण भरपाई घेणार? ऊस सुरू झाला की रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या अंधारात रस्त्यावर उभ्या असतात आणि ट्रॅक्टरचा विमा असेलच याची खात्री नसते. समोरच्याची चूक असली तरी गाडी लवकर उभी राहते ती स्वतःच्या फर्स्ट पार्टीतूनच. गारपिटीत काच-बॉनेट गेलं तर तेही यातूनच.

झीरो डेप, म्हणजे सुट्या भागांवरचा घसारा कापला जाऊ नये म्हणूनचं जादा कव्हर, घ्यावं का? हिशोब करून बघा. रोही धडकला आणि बंपर ५,०००, बॉनेट ८,०००, पुढची काच ७,००० असं २०,००० चं बिल झालं. साध्या फर्स्ट पार्टीत प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे बंपरचे २,५०० तुमचे. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर २५ टक्के, म्हणजे बॉनेटचे २,००० तुमचे. काचेवर घसारा नाही. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीने आपले. झाले ५,५००, आणि रंगातली कपात वेगळी. झीरो डेप असेल तर घसाऱ्याचे ४,५०० वाचतात. त्याचा जादा प्रीमियम किती आणि वर्षात किती क्लेम चालतात हे विचारून ठरवा. तुमच्या गाडीला मी घेईन.

इंजिन कव्हर मात्र घ्याच. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, सीना, सिंदफणेचे पूर आपण पाहिलेत. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल मारून चालू करायला गेलं की पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे पाण्याने नाही, चालू करण्याने झालेलं नुकसान म्हणून नाकारतात. कव्हर असलं तरी सेल मारू नका, ढकलून बाहेर काढा आणि टो करून गॅरेजला न्या. चावी हरवली, टायर फुटला यांची कव्हरं तुम्हाला नकोत.

मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही असतो. दुसऱ्या गाडीवर किंवा वेगळा आधीच घेतलेला असेल तर तसं लिहून द्या, दोनदा पैसे भरू नका. आणि पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी भाड्याने तुळजापूरला पाठवलीत आणि त्यात अपघात झाला, तर क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळतं.

तेव्हा एजंटाला सांगा: आयडीव्ही योग्य धर, एनसीबी शून्य धर, झीरो डेप आणि इंजिन कव्हर घालून नवीन कोटेशन दे. आकडा नऊ हजारांच्या वर जाईल, ती खरी किंमत असेल. तसंच कोटेशन अजून एक-दोन कंपन्यांकडून मागवा. मुदत संपायच्या आधी चार-पाच दिवस पैसे भरा, कारण पॉलिसी खंडित झाली तर फर्स्ट पार्टीसाठी आधी गाडीचं इन्स्पेक्शन लागतं. पॉलिसी हातात आली की नाव, चेसिस नंबर, आयडीव्ही, एनसीबी एवढं आरसीशी ताडून बघा, चूक असेल तर लगेच लेखी कळवा. नवीन कोटेशन आलं की गाडी नंबर झाकून फोटो टाका, मी वाचून सांगतो.