मिल बंद, तरी युनियन कशाला?

प्रश्न : माझे वडील हुकुमचंद मिलच्या साचेखात्यात (मागांच्या विभागात) होते. मिलला टाळे लागल्यावरही ते दर रविवारी फाटकापाशी युनियनच्या बैठकीला जात. काम नाही, मालक नाही, मग युनियन कशासाठी? (परदेशीपुरा, इंदूर)

उत्तर : पगार थांबतो, देणे थांबत नाही. कंपनी अवसायनात निघाली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची वेळ आली, की बँका तारणाचे कागद घेऊन पुढे येतात आणि कामगाराजवळ असते ते हजेरीकार्ड व पिवळी पडलेली पगारपावती. अशा प्रकरणात कामगारांचेही म्हणणे ऐकले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 च्या दशकाच्या आरंभी मान्य केले, आणि 1985 मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांच्या थकबाकीला तारणधारक धनकोंच्या, म्हणजे तारण घेऊन कर्ज देणाऱ्या बँकांच्या, बरोबरीचे स्थान मिळाले. मात्र ते वापरायला वकील लागतो, तारखा सांभाळाव्या लागतात, वारसांच्या याद्या ठेवाव्या लागतात; एकट्या निवृत्त माणसाला हे पेलत नाही. हुकुमचंद मिलच्या सुमारे 4,800 कामगारांच्या देण्यापोटी सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश 25 डिसेंबर 2023 रोजी सुपूर्द झाला, तो मिल बंद पडल्यावर तीन दशकांहून अधिक काळाने. याला न्याय म्हणताना माझी जीभ अडखळते, पण आपले वडील फाटकाशी वेळ घालवायला जात नव्हते, एवढे निश्चित.

प्रश्न : रविवारची सुट्टी इंग्रजांनी चर्चसाठी दिली, असे म्हणतात. खरे काय? (रामबाग, इंदूर)

उत्तर : कचेऱ्यांबाबत तसे म्हणता येईल, मुंबईच्या गिरण्यांबाबत मुळीच नाही. स्वतः गिरणीत नोकरी केलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सादर करून ही मागणी पुढे आणली. 1890 च्या एप्रिलमध्ये त्यांनी भरवलेल्या सभेला दहा हजारांच्या आसपास कामगार होते आणि तेथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, ही गोष्ट मला सुट्टीइतकीच महत्त्वाची वाटते. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने मागणी मान्य केली. गंमत अशी की लोखंड्यांच्या गिरणी कामगारांच्या संस्थेला ना नियमावली होती, ना वर्गणी. आजच्या कायद्याखाली युनियन म्हणून तिची नोंदणी झालीच नसती.

प्रश्न : सांवेर रोडवरील आमच्या कारखान्यात साठ कामगार आहेत. संघटना काढली तर नुकसानभरपाईचा दावा लावू, असे मालक सांगतात. (बाणगंगा, इंदूर)

उत्तर : ही धमकी शंभर वर्षे जुनी आहे. 1920 च्या सुमारास मद्रासच्या बकिंगहॅम मिलने तेथील मद्रास लेबर युनियनच्या पुढाऱ्यांविरुद्ध न्यायालयातून मनाई आणली होती. त्याचा परिणाम म्हणून कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी 1921 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात संरक्षणाची मागणी लावून धरली आणि 1926 मध्ये ट्रेड युनियन कायदा झाला. तेव्हापासून औद्योगिक वादासाठी केलेल्या कृतीबद्दल केवळ ती नोकरीचा करार मोडायला लावते म्हणून नोंदणीकृत युनियनवर दिवाणी दावा चालत नाही; मारहाण किंवा मोडतोड मात्र या कवचात येत नाही. ती तरतूद आता औद्योगिक संबंध संहितेत आहे. नोंदणीसाठी कारखान्यातील कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी कमी असेल तितके कामगार सभासद हवेत, पण सातांपेक्षा कमी नकोत. आपल्या साठांचे दहा टक्के सहाच भरतात, म्हणून सात सह्या गोळा कराव्यात, आणि एखाद्याने ऐनवेळी माघार घेतली तर अडू नये म्हणून दहा-बारा घेतलेल्या बऱ्या.