तोवर काय करायचं?

"ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. जेवताना ताटावरून तीनदा उठतो. डॉक्टरांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा, असं सांगून मिथाइलफेनिडेटची गोळी लिहून दिली आहे. सासूबाई म्हणतात, 'तेचो बापूस पण असोच होतो, मोठो झालो तसो गप झालो.' वयाबरोबर मेंदूतली रसायनं आपोआप ताळ्यावर येतात का? मग गोळी कशाला?"
– एक आई, देवगड तालुका

अगं, सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी मुलांच्या मेंदूची वाढ वर्षानुवर्षं स्कॅन काढून पाहिली आणि २००७ साली निष्कर्ष मांडले. मेंदूच्या वरच्या थराचा निम्मा भाग इतर मुलांत साधारण साडेसाताव्या वर्षी पुरता जाड होतो, एडीएचडीच्या मुलांत साडेदहाव्या. क्रम तोच, फक्त उशिरा. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागाला, जिथून लक्ष आणि आवर सांभाळला जातो. हालचालींचा भाग उलट थोडा लवकरच तयार होतो. ताटावरून उठणारं तुझं पोर वाचताना मला हेच आठवलं.

डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन ही रसायनं कपाळामागच्या या भागात निरोप पोचवतात. हा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून धावपळ वयाबरोबर बरीच ओसरते. पण विसरणं, काम अर्धवट टाकणं पुष्कळांत मोठेपणीही राहतं. एडीएचडी बरेचदा घराण्यातून येतो. गप झालेल्या त्याच्या बाबांना एकदा मायेनं विचार, आतली धांदल थांबली का?

गोळी मेंदूचं वय वाढवत नाही. ही दोन्ही रसायनं लगेच परत शोषली जाऊ नयेत एवढं ती बघते, तेही काही तासांपुरतं. त्या तासांत त्याला फळ्यावरचं उतरवता येतं. भूक किंवा झोप कमी झाली तर डॉक्टरांना सांग, वजन-उंचीची नोंद ठेव. मनानं गोळी बंद करू नकोस.

मला काळजी आहे ती मधल्या वर्षांची. रोज 'व्रात्य' ऐकत वाढलेलं पोर पुढे शांत झालं, तरी ते शब्द मनात घेऊनच मोठं होतं. मोहोर उशिरा आला म्हणून तुमच्याकडे कलम कुणी वाऱ्यावर सोडत नाही, तुडतुड्यांपासून जपतातच ना? एका वेळी एकच काम सांग, झालं की लगेच कौतुक कर. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी कर, त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एडीएचडीही येतो. जाताना सासूबाईंनाही ने. डॉक्टरांकडून ऐकलं तर त्यांना पटेल, आणि घरात त्याच्या बाजूनं आणखी एक माणूस उभं राहील.