ल्युटेशियम-१७७ उपचारात डोस मोजण्यासाठी गोल फँटमऐवजी मूत्रपिंडाच्या आकाराचे फँटम का वापरतात?

ल्युटेशियम-१७७ हे कर्करोगाच्या उपचारासाठी शरीरात सोडले जाणारे किरणोत्सारी द्रव्य आहे, तर फँटम म्हणजे यंत्राच्या चाचणीसाठी वापरली जाणारी प्रतिकृती. या उपचारात मूत्रपिंडाने शोषलेला किरणोत्साराचा डोस स्पेक्ट स्कॅनमधील (शरीरातून बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांवरून त्रिमितीय प्रतिमा बनवणाऱ्या तपासणीतील) नोंदींवरून काढतात. परंतु ही प्रतिमा मुळातच धूसर असल्याने अवयवाच्या कडेच्या नोंदी बाहेर पसरतात, आणि ही गळती केवळ घनफळावर नव्हे, तर आकारावरही अवलंबून असते. समान घनफळाच्या आकृत्यांमध्ये गोलाचा पृष्ठभाग सर्वांत कमी असतो, त्यामुळे त्यातून गळतीही कमी होते; म्हणून गोलावरून काढलेला दुरुस्ती गुणक (गळती भरून काढण्यासाठी नोंदींना लावायचा आकडा) घेवड्याच्या दाण्यासारख्या मूत्रपिंडाला लावल्यास डोस प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो. किती औषध देता येईल यावर मर्यादा घालणाऱ्या प्रमुख अवयवांपैकी मूत्रपिंड एक असल्याने ही चूक किरकोळ मानता येत नाही. त्यामुळे त्रिमितीय छपाईने बनवलेल्या मूत्रपिंडाच्या आकाराच्या पोकळ फँटममध्ये ज्ञात किरणोत्सारिता असलेले द्रावण भरून यंत्राचे अंशांकन करतात, म्हणजे त्याच्या नोंदी या ज्ञात मूल्याशी जुळवून घेतात. अर्थात, फँटमच्या प्लास्टिकच्या, किरणोत्सारिता नसलेल्या भिंतीमुळेही थोडी त्रुटी येतेच.