चिमणी दिन की चिमणी दिवस?

प्रश्न असा आला आहे: ‘कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या फळ्यावर मी रोज दिनविशेष लिहिते. २० मार्चला “जागतिक चिमणी दिवस” लिहिलं, तर शेजारच्या काकांनी “दिवस” पुसून “दिन” केलं. अर्थ तर एकच आहे ना? मग बरोबर काय?’

मी काकांच्या बाजूचा आहे. कोशात अर्थ एक असला, तरी मराठीत या दोन शब्दांनी कामं वाटून घेतली आहेत. हिंदीत शिक्षक दिवस, स्वतंत्रता दिवस म्हणतात. आपण शिक्षक दिन, स्वातंत्र्य दिन म्हणतो. आपला ‘दिवस’ रोजच्या जगण्यातला आहे. तो उगवतो, कलतो, मावळतो. बाईला दिवस जातात, माणूस गेला की त्याचे दिवस घालतात, आणि कुणाचे दिवस फिरतात. यातल्या एकाही ठिकाणी ‘दिन’ घालून बघा, चालत नाही. कारण दिन आपोआप येत नाही, कुणीतरी तो ठरवावा लागतो.

तुमचा चिमणी दिनच घ्या. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी नेचर फॉरएव्हर सोसायटीतर्फे तो ठरवला आणि २०१० साली २० मार्चला तो पहिल्यांदा झाला. सिंगापूरच्या जॅक सिम यांनी १९ नोव्हेंबर २००१ रोजी शौचालयांच्या प्रश्नासाठी जागतिक संघटना काढली. पुढे २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तीच तारीख जागतिक शौचालय दिन म्हणून स्वीकारली. लोक हसतात या दिनाला, पण ज्या विषयावर कुणी बोलत नाही त्याला वर्षातला एक दिन मिळवून देणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आता याच्या उलट उदाहरण. मे महिन्यात, १३ तारखेच्या आसपास, पुण्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. जुलैच्या अखेरीला हे पुन्हा घडतं, पण तेव्हा बहुधा आभाळ भरलेलं असतं. याला सगळे ‘शून्य सावली दिवस’ म्हणतात, आणि ते अगदी योग्य आहे. हा कुणी ठरवलेला नाही, आकाशात घडतो. फळ्यावर इथे ‘दिवस’च ठेवा.

कॉलेजमधले साडी डे, टाय डे हे तिसरं घर. त्यांना ‘साडी दिन’ कुणी म्हणत नाही, म्हणूही नये. मौजेपुरत्या गोष्टीला ‘डे’ छान शोभतो.

मला याहून जास्त आवडणारी गोष्ट अशी, की आपल्या जुन्या सणांना यातला एकही शब्द लागत नाही. नागपंचमी, चंपाषष्ठी, रथसप्तमी, वसुबारस. तिथी स्वतःच नावात बसलेली आहे. ‘बारस’ म्हणजे द्वादशी, एवढं कळलं की वसुबारस कधी ते वेगळं विचारावं लागत नाही, फक्त महिना आणि पक्ष (शुद्ध की वद्य) ठाऊक हवा. (‘सण’ हा शब्दही मुळात ‘क्षण’ आहे, अमरकोशात क्षण हा उत्सवाला दिलेला एक प्रतिशब्द आहे.) इंग्रजी तारीख मात्र नुसता आकडा असते, म्हणून तिच्यापुढे ‘अमुक दिन’ अशी पाटी लावावी लागते.

आकड्यातच नाव सापडलेली एक तारीख आहे, पाय दिनाची. (हा पाय गणितातला, π: वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, सुमारे ३.१४.) सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयातले लॅरी शॉ यांनी १९८८ मध्ये १४ मार्चला तो सुरू केला, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात: ३/१४. आपण तारीख आधी लिहितो, त्यामुळे ही गंमत आपल्या फळ्यावर उमटत नाही. त्यावर तोड म्हणजे २२ जुलै, २२/७ या पायच्या आसन्न (जवळपासच्या) किमतीचा दिन.

लिहिताना एक जपा. ‘दिन’ मधली वेलांटी पहिली. उपान्त्य (शेवटून दुसरा) इकार दीर्घ लिहिण्याचा आपला नियम तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांना लागू नाही. उच्चार मात्र आपण ‘दीन’ असाच करतो, म्हणून हात चुकतो. ‘महिला दीन’ असे फलक मी स्वतः पाहिले आहेत, आणि दीन म्हणजे गरीब, केविलवाणा. आठ मार्चला तरी हे होऊ नये.

आणखी एक: प्रत्येक दिन ‘साजरा’ होत नाही. ३० जानेवारीचा हुतात्मा दिन पाळतात. शौचालय दिनालाही मी ‘पाळणे’च वापरीन. चिमणी दिन खुशाल साजरा करा.

आणि २२ जुलैला फळ्यावर तारीख २२/७ अशीच लिहा, खाली फक्त ‘आज कोणता दिन?’ एवढं विचारा. सातवीतली मुलं जिन्यातच उत्तर देतील.